थांबला तो जिंकला

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या ‘टी-वन’ संघाचा आधारस्तंभ ली सांग-ह्योक खेळातून बाजूला झाला. ‘फेकर’ या नावानं जगाला माहीत असलेला हा २७ वर्षांचा तरुण तोवर ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या व्हिडिओ गेमचा तीन वेळा विश्वविजेता झालेला होता. हाताच्या दुखण्यानं त्याला बाकावर बसवलं. तो नसताना संघाची पार दैना उडाली. आठ सामन्यांपैकी एकच हाती लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला तो परतला आणि १९ नोव्हेंबरला सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये याच संघानं विश्वविजेतेपद पटकावलं. फेकरचं ते चौथं.

महिनाभराच्या विश्रांतीनंच हा करंडक मिळवून दिला, असं कुणी म्हणणार नाही. पण ज्याचं पोट खेळण्यावर चालतं, ज्याच्यामागे संघ, प्रायोजक आणि लाखो चाहते उभे आहेत, त्यालाही माउसवरून हात काढावा लागला आणि त्यानं तो काढला. ‘थांबला तो संपला’ हे आपण मुलांना उठता-बसता ऐकवतो. व्हिडिओ गेमपुरतं तरी ते उलटं करायला हवं. खेळाडूचा डोळा, मनगट, झोप आणि कौशल्य या चारही गोष्टी विश्रांतीवर उभ्या असतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की ती विश्रांती नेमकी कुठे घ्यायची.

पंच नसलेला खेळ

मैदानी खेळांनी हा प्रश्न नियमांतच सोडवून टाकला आहे. कबड्डीत वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. कसोटी क्रिकेटमध्ये जेवणाची चाळीस मिनिटं, चहाची वीस. गल्लीतल्या पकडापकडीत धाप लागली की पोरं मूठ तोंडाशी नेऊन ‘टाइम प्लीज’ म्हणतात आणि ज्याच्यावर राज्य आहे त्यालाही ते मुकाट्यानं मानावं लागतं. शिवाय अंधार पडतो, तहान लागते, चेंडू कुणाच्या तरी गच्चीवर जातो.

सुरुवातीच्या व्हिडिओ गेमनाही असा शेवट होता. १९७८ साली जपानमध्ये आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या यंत्रात नाणं टाकायचं, लाइफ संपल्या की खेळ खलास. खिशातली चिल्लर संपली की पोरगं घरी. पुढे खेळ घरातल्या टीव्हीवर आले. १९८६ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’सारख्या खेळांत आपली प्रगती साठवून ठेवायची सोय झाली, आज थांबून उद्या तिथूनच पुढे जाता येऊ लागलं. इंटरनेटवरच्या खेळांनी मात्र ही दोन्ही कुंपणं पाडली. तिथलं जग तुम्ही झोपलात तरी चालूच राहतं आणि एक मॅच संपते न संपते तोच पुढच्या मॅचचं बटण समोर येतं.

ते बटण न दाबणं इतकं जड का जातं, याची कारणं मानसशास्त्राला बरीच आधीपासून ठाऊक आहेत. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सर्वांत चिकाटीनं प्रयत्न करत राहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. पेटीतून कोणती बंदूक निघेल, पुढच्या मॅचमध्ये कोण भिडेल, हे माहीत नसणं हीच खेळाची ओढ असते. दुसरं कारण अर्धवटपणाचं. १९२८ साली बर्लिनमध्ये मारिया ओव्हसियानकिना या संशोधिकेनं लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि ती मध्येच थांबवली. संधी मिळताच बहुतेकांनी, कुणी न सांगता, ती कामं पुन्हा हाती घेतली. गेममध्ये तर काही ना काही कायम अर्धवटच असतं: रँक चढायला थोडे गुण कमी, मिशन पूर्ण व्हायला एक फेरी कमी, सीझनचा पास संपायला चार दिवस बाकी.

तिसरं कारण माणसांचं. चौघांच्या स्क्वॉडमधून एक जण उठला तर उरलेल्या तिघांची मॅच बिघडते. ‘आई, दोन मिनिटं’ म्हणणारा मुलगा दर वेळी थाप मारत असतो असं नाही; मित्रांना अडचणीत टाकून उठणं त्याला लाजिरवाणं वाटत असतं. ‘बीजीएमआय’ या मोबाइल गेमची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, ‘फ्री फायर मॅक्स’ची साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. पालकांना हा फरक माहीत असला तर घरातली निम्मी भांडणं टळतील.

शरीर काय मागतं

पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या मिटायला विसरतो. पापण्यांची उघडझाप नेहमीच्या निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरचा ओलावा वाळतो आणि डोळे चुरचुरू लागतात. जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाला फुगवणारा स्नायू आवळलेला राहतो. दूर पाहिलं की तो सैल पडतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ २०-२०-२० चा नियम सांगतात: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं. आकडे लक्षात राहावेत म्हणून बेतलेले आहेत, पण त्यामागचं तत्त्व पक्कं आहे. वाढत्या वयाच्या मुलांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरचा उजेड. रोज साधारण दोन तास उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टी जडण्याचं प्रमाण कमी आढळतं. म्हणजे फोन ठेवून जिन्यात बसण्यापेक्षा फोन ठेवून मैदानात जाणं केव्हाही चांगलं.

हाताचं दुखणं तर खेळाइतकंच जुनं. १९९० साली एका अमेरिकन डॉक्टरनं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहून एका ३५ वर्षांच्या बाईंची हकिगत कळवली. सलग पाच तास निन्टेंडोवर खेळल्यानं त्यांच्या अंगठ्याचा स्नायूबंध दुखावला होता. डॉक्टरांनी गमतीनं या आजाराला ‘निन्टेंडिनायटिस’ असं नाव दिलं. आज मोबाइलवर दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्यांना मनगटाच्या अंगठ्याकडल्या बाजूला दुखतं, ते बऱ्याचदा याच जातीचं असतं. स्नायूबंध एकाच मार्गानं हजारो वेळा सरकले की त्यांच्यावरचं आवरण सुजतं. सूज उतरायला वेळ लागतो आणि तो वेळ न देता खेळत राहिलं की दुखणं मुरतं.

बैठकीचा धोका सहसा लक्षात येत नाही. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. माणूस हललाच नाही तर ते काम मंदावतं. २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी दिवसाचे बारा-बारा तास संगणकापुढे बसणाऱ्या ३२ वर्षांच्या तरुणाची नोंद केली. त्याच्या पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसापर्यंत गेली होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये कोरियातल्या देगू शहरात एक तरुण इंटरनेट कॅफेत सुमारे पन्नास तास जवळपास सलग खेळून कोसळला आणि दगावला. अशा घटना अपवादानंच घडतात. पण तासातून एकदा उठून चार पावलं चालण्यात काहीच खर्च नाही आणि त्यानं हा धोका बराच टळतो.

राहिली झोप. फोनच्या निळ्या प्रकाशाचा गवगवा फार होतो. खरं नुकसान साध्या कारणानं होतं: ‘एकच मॅच’ करता करता झोपायची वेळच पुढे सरकते आणि चुरशीच्या मॅचनंतर डोकं इतकं तापलेलं असतं की अंथरुणावर पडूनही झोप येत नाही.

मेंदू विश्रांतीत खेळतो

रँक चढवायची असेल तर जास्तीत जास्त वेळ खेळायला हवं, असा खेळणाऱ्यांचा पक्का समज असतो. तो अर्धाच खरा आहे. सरावाशिवाय हात बसत नाही, हे निर्विवाद. पण सरावाचा परिणाम मुरायला मध्ये पोकळी लागते.

याचा सुंदर पुरावा एका व्हिडिओ गेमनंच दिला. २०१४ साली ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ टॉम स्टॅफर्ड आणि त्यांचे सहकारी मायकेल ड्यूअर यांनी ‘ॲक्सॉन’ नावाच्या छोट्या ऑनलाइन खेळातल्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. डावांची संख्या तेवढीच असली तरी ज्यांनी आपले डाव एका दमात उरकले त्यांच्यापेक्षा ज्यांनी ते दिवसाच्या अंतरानं विभागून घेतले त्यांचे पुढचे गुण जास्त होते. प्रयोगशाळेत बोलावलेल्या दोन-चार डझन विद्यार्थ्यांऐवजी लाखो लोक आपापल्या घरी मजेत खेळत असतानाचं हे निरीक्षण आहे, म्हणून त्याला वजन आहे.

अंतर दिवसाचंच हवं असंही नाही. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २७ जणांना डाव्या हाताच्या बोटांनी पाच आकड्यांचा एक क्रम टाइप करायला लावला: दहा सेकंद सराव, दहा सेकंद विश्रांती. सुरुवातीची सुधारणा सराव चालू असताना होतच नव्हती; ती विश्रांतीनंतर दिसत होती. मेंदू त्या दहा सेकंदांत शिकलेलं पक्कं करतो, असा संशोधकांचा निष्कर्ष. काही अभ्यासकांच्या मते हा नुसता थकवा उतरल्याचा परिणाम आहे. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हींचा अर्थ एकच: थांबल्यावर हात सुधारतो.

आणि झोपेत तर मेंदू चक्क खेळत असतो. हार्वर्डचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली काही जणांना ‘टेट्रिस’ खेळायला लावलं. झोप लागता लागता अनेकांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे काही रुग्णही होते. आपण असा कुठला खेळ खेळलो हे त्यांना आठवतही नव्हतं, तरी त्यांतल्या काहींना ठोकळे दिसले. दिवसभर जे शिकलो त्याची उजळणी मेंदू रात्री आपणहून करतो. रात्री तीनपर्यंत रँक पुश करणारा खेळाडू ही फुकटची उजळणी गमावतो.

याला भावनेचीही बाजू आहे. लागोपाठ हरल्यावर चिडून, सूड उगवल्यासारखं खेळत सुटण्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द त्यांनी पत्त्यांच्या पोकरमधून उचलला आहे. टिल्ट झालेला खेळाडू घाईनं निर्णय घेतो, सोबत्यांवर खेकसतो आणि आणखी हरतो. पाण्याचा पेला आणि पाच मिनिटं एवढंच त्यावरचं औषध आहे. पण ते नेमक्या त्याच क्षणी घ्यावंसं वाटत नाही.

गेम बनवणाऱ्यांनी काय केलं

काही कंपन्यांनी विश्रांती खेळातच गुंफून पाहिली. जपानी लेखक शिगेसातो इतोई यांनी रचलेला ‘मदर २’ हा निन्टेंडोचा खेळ १९९४ साली आला. बाहेरच्या देशांत तो ‘अर्थबाउंड’ म्हणून ओळखला जातो. त्यात नायकाचे बाबा कधीच पडद्यावर दिसत नाहीत, फक्त फोनवर बोलतात. बराच वेळ खेळलं की त्यांचाच फोन येतो: फार वेळ झाला, जरा विश्रांती घेतोस का? सूचना तीच, पण यंत्रानं देण्याऐवजी गोष्टीतल्या बापानं दिलेली. ती खेळाडूंच्या आजही लक्षात आहे.

त्याहून शिकवण देणारा किस्सा २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा. लोकांनी अतिरेक करू नये म्हणून चाचणीच्या टप्प्यात कंपनीनं नियम केला: ठरावीक वेळ खेळल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण निम्मे होतील. खेळाडू खवळले. मग आकडेमोड तशीच ठेवून फक्त मांडणी फिरवली गेली. थकल्यावर मिळणाऱ्या गुणांना ‘नेहमीचे’ म्हटलं आणि विश्रांती घेऊन आलेल्याला ‘दुप्पट’ गुण जाहीर केले. आपलं पात्र सराईत ठेवून खेळ बंद केला की हा बोनस साठत जातो. ज्या नियमाला लोकांनी शिव्या घातल्या, तोच आता त्यांना आवडू लागला. दंड म्हणून आलेली विश्रांती कुणालाच नको असते. बक्षीस म्हणून आली की तिला मान मिळतो. घरात मुलांशी बोलतानाही हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

विश्रांतीचा धंदाही झाला आहे. २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’मध्ये पाच लाइफ मिळतात आणि संपल्या की एक परत यायला अर्धा तास लागतो. वरवर पाहता ही सक्तीची विश्रांती झाली. पण पैसे मोजले की थांबावं लागत नाही. म्हणजे उतावीळपणाला किंमत लावलेली आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटणार, ही युक्तीही त्याच कुळातली: तिथे तर विश्रांती घेणाऱ्यालाच दंड बसतो.

कायद्यानं विश्रांती देता येते का?

दक्षिण कोरियानं नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळायला बंदी केली. लोक त्याला ‘सिंड्रेला कायदा’ म्हणत. पण तो मुख्यतः संगणकावरच्या खेळांना लागू होता. मुलं मोबाइलकडे वळली, काहींनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरले. दहा वर्षांनी सरकारनं स्वतःच तो रद्द केला आणि २०२२ च्या सुरुवातीला तो इतिहासजमा झाला. चीननं २०१९ मध्ये अल्पवयीनांना शाळेच्या दिवशी दीड तासाची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२१ पासून ती आणखी आवळली: शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१९ च्या निर्बंधांनंतरच्या चीनमधल्या सात अब्जांहून अधिक तासांच्या खेळाच्या नोंदी चाळल्या. अतिखेळण्यात घट झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

आपल्याकडेही हे प्रयोग झाले. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी ‘पब्जी’वर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं चिनी ॲपच्या यादीत ‘पब्जी मोबाइल’ बंद केला, तोही मुलांच्या झोपेसाठी नव्हे, देशाच्या सुरक्षेसाठी. त्याची जागा घेणारा ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तेव्हा सोबत मर्यादा आल्या: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६. सहा तास ही ‘मर्यादा’ वाचून हसू येईल. दिवसाचा पाव हिस्सा झाला तो. कायदा टोकाचा अतिरेक रोखू शकतो. रोजची शिस्त त्याच्या आवाक्यातली नाही.

मग घरी काय करायचं?

पहिली गोष्ट, मर्यादा मिनिटांत घालण्याऐवजी डावांत घाला. ‘अर्धा तास’ मॅचच्या मध्यावर संपला तर मुलगा अर्धवट उठतो आणि ओव्हसियानकिना यांनी दाखवलेली ओढ त्याला परत खेचते. ‘दोन मॅच’ म्हटलं की शेवट स्वच्छ होतो. तो आकडा खेळ सुरू होण्याआधी ठरायला हवा. ‘कितवी चाललीये रे? ही झाली की ठेव’ या वाक्यानं जे काम होतं ते वायफाय बंद करून होत नाही.

दुसरी गोष्ट, दोन मॅचच्या मधल्या पाच मिनिटांत उभं राहा, पाणी प्या, खिडकीतून लांब बघा, मनगटं फिरवा. त्याच फोनवर रील्स बघणं ही विश्रांती नव्हे. डोळे आणि अंगठे तेच, फक्त पडद्यावरचं चित्र बदललं. तिसरी, लागोपाठ दोनदा हरलात की तो दिवस तिथेच संपवा. चौथी, शेवटची मॅच झोपण्याच्या किमान तासभर आधी खेळा.

कधी कधी मोठी सुट्टीही घ्यावी: परीक्षेच्या आधी, सीझन संपल्यावर, किंवा खेळताना मजा न येता नुसती हजेरी लागते आहे असं वाटू लागलं की. सूचना बंद करा, मित्रांना सांगून बाजूला व्हा. साखळी तुटेल, रँक घसरेल, परतल्यावर पहिले काही दिवस नेम चुकेल. सराव सुरू झाला की हात पुन्हा बसतो. आणि त्या मोकळ्या वेळेत काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. रिकामा वेळ सर्वांत आधी गेमच भरून काढतो.

अशी सुट्टी ही एक परीक्षाही आहे. चार दिवस चिडचिड होणं, चुकल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. पण खेळण्यावर ताबाच उरलेला नाही, जेवण, झोप, शाळा, नोकरी सगळं खेळामागे गेलं आहे, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे वर्षभर चाललं आहे, असं असेल तर तो सवयीचा प्रश्न राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं या अवस्थेला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिलं असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळणाऱ्यांपैकी फार थोडे या टोकाला जातात. तिथे दरडावणं किंवा फोन फोडणं उपयोगाचं नाही, डॉक्टरच हवेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ पासून खास बाह्यरुग्ण सेवा आहे आणि केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

बाकी सगळ्यांसाठी उपाय साधा आहे. पालकांनी मुलाशेजारी बसून एक मॅच पूर्ण बघावी, ती कुठे संपते हे समजून घ्यावं आणि मगच वेळ ठरवावी. खेळणाऱ्यांनी पुढच्या मॅचचं बटण दाबण्याआधी एकदा उठून उभं राहावं. जे जगज्जेत्यालाही टाळता आलं नाही, ते करण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचं कारण नाही.